उंटापुढचं प्यादं, एक घर

फुई, त्या दिवशी मी तुला सांगितलं होतं की वर जाऊन विचारून आले. ते खरं नव्हतं. मी सात पायऱ्या चढले, आठवीवर पाय ठेवला आणि परत फिरले. वर कोणाला काही विचारलं नाही आणि ‘बरं, तसं लिही’ असं कोणी म्हणालं नाही. तू मिरच्यांचे देठ खुडता खुडता, मान वर न करता ‘इचारं का?’ म्हणालीस, आणि मी ‘हां’ म्हणाले. एवढा एकच शब्द. बारा वर्षं झाली, मी तो दुरुस्त केलेला नाही. ज्या माणसाला तो आधी सांगायला हवा होता ती तू तर त्यानंतर दोन वर्षांतच गेलीस. आता तो बाकीच्यांना सांगायची वेळ आली आहे, तर आधी तुलाच सांगते. मागून दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं तुला कधी खपत नसे.

वेळ आली ती दादांच्या कार्डामुळे. माझे वडील, तुझे थोरले भाऊ, आता पेन्शनीत निघाले, अक्षर मात्र लाकडाच्या डेपोत नोंदी करायचे तेव्हासारखंच आहे, एका ओळीत मावेल ते दोन ओळींत कधी लिहिणार नाहीत. क्लबाला यंदा पंचवीस वर्षं झाली. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, दुसऱ्या दिवशी ‘वर्षाची चाल’ निवडतात, ते तुला माहीत आहे: मधे तांब्या ठेवायचा आणि ज्याला जी चाल आवडली तिच्या नावाने त्याने चिंचोका टाकायचा. यंदा वर्षाची नाही, पंचवीस वर्षांतली एक निवडायची ठरली, आणि निवडायला काही लागलंच नाही. सगळ्यांनी एकच सांगितली. खापर गावच्या मंडळींशी चिठ्ठ्यांवर खेळलेल्या डावातली ती प्याद्याची चाल. आता ती सागाच्या फळीवर रंगवून क्लबात लावायची आहे. चाल रंगवून झाली आहे. तिच्याखाली खेळणाऱ्याचं नाव यायचंय, ती जागा कोरी आहे. दादा लिहितात, ‘नावाचा घोळ मिटत नाही. चिठ्ठी तुझ्या हातची होती. कोणी सांगितली ते तूच येऊन सांग.’

वाचून मी कार्ड पालथं ठेवलं. मग हसूही आलं, कारण तो घोळ मी होळीला घरी गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिला होता. पण ते पुढे सांगते. तू मला शिकवलंस तसं, आधी पट मांडते.

हिवतापाने मला दोन वर्षं शाळेत जाऊ दिलं नाही, म्हणून माझी पहिली शाळा म्हणजे तुझी चूल. चुलीच्या उजव्या हाताला फरशीवर तू खडूने चौसष्ट घरं आखलेली असायची, आणि रोज सारवल्या-पुसल्यानंतर पुन्हा आखायचीस. आई म्हणायची, या बाईचा अर्धा खडू लेकरापायी जातो आणि अर्धा खेळापायी. मला बेरीज त्या घरांवर आली, पाढे त्या घरांवर आले. आपल्याकडची प्यादी म्हणजे मोहाच्या बिया, समोरच्याची चिंचोके. हत्तींना कवड्या, घोड्यांना संपलेल्या दोऱ्याची रिळं, उंटांना सागरगोटे, वजीर सुपारी. समोरचा राजा बाटलीचं बूच होता, आणि आपला राजा तुझं पितळी अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं. गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवताना राजाची गरज लागली की डाव थांबायचा. मला बरेच दिवस वाटत होतं की बुद्धिबळात राजा अधूनमधून कामाला जातो.

तू खेळायला कुठे शिकलीस ते मी कधी विचारलं नाही. दादा सांगतात की तुझ्या सासरी, तापीकाठच्या गावात, सासरे खेळायचे आणि समोर माणूस नसला की सुनेला पडद्याआडून चाल विचारायचे. तू विधवा होऊन परत आलीस तेव्हा तुझ्या ट्रंकेत दोन लुगडी होती आणि हा खेळ होता.

एक दिवस विसरले नाही, तोही इथे यायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी नऊ वर्षांची असेन. तू दूध उतू जातंय म्हणून उठलीस आणि तू मारलेली माझी एक मोहाची बी मी हळूच परत पटावर ठेवली. तू आलीस, बसलीस, पटाकडे पाहिलंस. ओरडली नाहीस. पदराने सगळा पट पुसलास, बिया डब्यात भरल्यास आणि म्हणालीस, ‘लबाडी करनारसंगे मी खेयत नही.’ चार दिवस. चार दिवस तू मला जेवू घातलंस, वेणी घातलीस, पाढे घेतलेस आणि फरशीवर एक रेघ ओढली नाहीस. मला ताप यायचा तो बरा वाटायचा. त्या ‘हां’ला हे कारण पुरेसं नाही, पण कारण हेच आहे.

क्लब आपल्या शेजारच्या शेटजींच्या धान्याच्या दुकानावर, माडीवर. दुपारी उन्हं उतरायला लागली की जिन्याखाली चपलांची रांग लागायची. घरात आणि बाजारात सगळे आपली बोली बोलायचे, पण जिना चढले की शाळेतली मराठी सुरू. दादासुद्धा खाली ‘काय करी ऱ्हायनात’ म्हणणारे, वर गेले की ‘आपण काय करीत आहात’. शेटजींचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शाळेतली मराठी त्यांच्याइतकी नेमकी कोणाला येत नसे. मी अकराव्या वर्षी क्लबाची लेखनिक झाले ती तू गिरवून घेतलेल्या अक्षरामुळे. खापरच्या खेळणाऱ्यांशी डाव ठरला होता. एक चाल इथून दुपारच्या साडेचारच्या एसटीने जायची, तिथली सकाळच्या गाडीने यायची. कंडक्टर चिठ्ठी टोपीत ठेवायचा. अटी लिहिलेल्या होत्या, माझ्याच हातच्या: खेळ देशी कायद्याने, चाल सर्व सभासदांच्या विचाराने, हरेल त्याने दर आखाजीला जिंकणाऱ्याकडे आंब्यांची करंडी पाठवायची.

आता देशी कायदा. हे तुला काय सांगायचं, पण मला ते नीट लिहून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. देशी खेळात राजाला एकदा, फक्त एकदाच, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, आणि तीही त्याला आधी कधी शह लागलेला नसेल तरच. विलायती खेळात ती नाही, तिथे राजा हत्तीशी किल्लेकोट करतो. त्या वर्षी सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, तरुण, चष्मा लावणारे, त्यांच्याजवळ विलायती कायद्याचं पुस्तक होतं. सगळा क्लब आठ महिने त्या पुस्तकाप्रमाणे खेळत होता. किल्लेकोट करताना शेटजींचा चेहरा नवीन गोदाम बांधल्यासारखा व्हायचा. तू मात्र चुलीशेजारी जुनंच खेळत होतीस. तुला पुस्तक कोण दाखवणार?

मी प्रत्येक चिठ्ठी लिहून आले की तुला सांगायचे आणि तू तुझ्या पटावर तो डाव पुढे सरकवायचीस. खापरचा डाव फरशीवर रोज आखला जायचा आणि रोज पुसला जायचा, तरी एक बी इकडची तिकडे झाली नाही.

माघ संपत आलेला. दुकानात लाल मिरचीची पोती, आपल्या अंगणात मिरची वाळत घातलेली, सगळी गल्ली शिंकते आहे. वर क्लबात चाल ठरली आहे आणि पुरुषमंडळी शिंकत शिंकत हसताहेत, कारण खापरवाल्यांचा घोडा अडकला आहे आणि आपला हत्ती तो मारणार. मला लिहायला सांगितलं: आमचा हत्ती तुमच्या घोड्याला मारतो. ओळ उतरली, पण सही-तारखेपुरती शाई दौतीत उरली नव्हती म्हणून मी घरी आले. तू मिरच्या खुडत बसलेली. मी शाईत पाणी घालत तुला चाल सांगितली. तू हात पदराला पुसलेस, पटाशी सरकलीस, कवडी उचललीस आणि परत ठेवलीस.

‘त्यासना राजानी उडी बाकी शे,’ तू म्हणालीस.

मला कळलं नाही. तू बोट ठेवून दाखवलंस. आपण घोडा मारायचा, तेवढ्या वेळात बूच उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसणार, आणि चार आठवडे खपून लावलेला आपला सगळा वेढा रिकामा. मग तू एक मोहाची बी, आपल्या राजाच्या उंटापुढची, एक घर पुढे केलीस. फक्त एक घर. आता बूच जिथे उडी मारणार होतं त्या घरावर या बीचा मारा. घोडा सोडून द्यायचा, राजाची उडी अडवायची. पाहिल्यावर वाटावं, एवढंच? आणि वर नऊ माणसं बसलेली, त्यांतल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. राजाला उडी असते हेच ते आठ महिन्यांत विसरले होते.

तू मला लिहायला सांगितलं नाहीस. हे मी शपथेवर सांगेन. तू म्हणालीस, ‘लिखू नको. वर जाय, इचारी ये.’ आणि मी निघाल्यावर पाठीमागून आणखी एकदा, ‘मन्हं नाव सांगू नको, फक्त उडी शे असं सांग.’

मी गेले. खाली नऊ चपलांचे जोड. वरून डॉक्टरांचं हसणं, कोणीतरी टाळी दिलेली, शेटजी म्हणताहेत की घोड्याच्या तेराव्याला खापरला जाऊन यायला हवं. मी चढते आहे, चढते आहे, आणि मला दिसतं की मी दारात उभी राहणार, नऊ डोकी वळणार आणि मला शाळेतल्या मराठीत सांगावं लागणार की तुम्ही सगळे चुकलात. तेवढ्यात स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. मी खाली उतरले, शेटजींच्या धान्याच्या पोत्यावर कागद ठेवला, मागची बाजू केली आणि लिहिलं: आमच्या राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर पुढे. पहिली ओळ मी खोडली, तीही इतकी नीट की आडवी रेघ पट्टीने मारल्यासारखी. कंडक्टरने चिठ्ठी टोपीत घातली आणि विचारलं, आज काय मारलं? मी म्हणाले, काही नाही, आणि ते अगदी खरं होतं.

मग घरी, आणि तुझं ते ‘इचारं का’.

फुई, मला वाटलं होतं तू आणखी काही विचारशील. कोण काय म्हणालं, डॉक्टरांना पटलं का.  तुझे हात थांबले. मग म्हणालीस, ‘त्यासनी आयकं,’ आणि हसलीस. त्या वेळी तू पस्तिशीच्या आसपास असशील, आता हिशेब केला तर तसंच येतं, पण मला तोपर्यंत तू फार म्हातारी वाटायचीस. हसलीस तेव्हा पहिल्यांदा कळलं की नाहीस. त्यानंतर खरं सांगणं आणखी अवघड झालं.

दोन दिवसांनी खापरचं उत्तर आलं: ‘तुमचं प्यादं पोचलं. आमचा घोडा वाचला. आपले आभारी आहोत.’ वर ती चिठ्ठी सगळ्यांच्या हातांतून फिरली. मी दाराशी वही घेऊन बसलेली, मान खाली. प्यादं कुठून आलं? पण कोणी मोठ्याने विचारलं नाही, आणि त्याचं कारण मला फार उशिरा समजलं. त्या दिवशी हॉर्न झाल्यावर बैठक उठली आणि शेवटी उतरले शेटजी, तर दादांना वाटलं की शेटजींना मागाहून काही सुचलं असणार आणि त्यांनी चिठ्ठी बदलायला लावली असणार. दादांचा डेपो स्टँडला लागून, तर शेटजींना वाटलं की दादांनी गाडीपाशी गाठून बदल केला असणार. आणि दोघेही असे की चारचौघांत दुसऱ्याला ‘हे तुम्ही का केलंत’ विचारणार नाहीत. डॉक्टर तेवढे म्हणाले की ही चाल घोडचूक आहे. शेटजी त्यांना शांतपणे म्हणाले की ज्यांनी केली त्यांना काही दिसलं असेल. दादांनी मान हलवली. दोघे एकमेकांची बाजू घेत होते.

दादांनी घरी मला एकदा विचारलं होतं, चिठ्ठी सांगितली तशीच लिहिलीस ना? मी ‘हो’ म्हटलं. तू सांगितलं होतंस ना, तशी. तुला सांगितलेलं एक पूर्ण खोटं आणि दादांना सांगितलेलं हे अर्धं. माझ्या हिशेबी दुसरं जास्त वाईट आहे, कारण ते मी विचार करून केलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. खापरच्या राजाला उडी मारता आली नाही. वजिराचा शह, हत्तीचा शह, आणि होळीच्या आधीच्या बाजारच्या दिवशी त्याच उंटापुढच्या प्याद्याने मात. प्यादेमात. हत्तीने, वजिराने कोणीही मात करतं, पण प्याद्याने केलेली मात म्हणजे आपल्याकडे त्याला वर्षभर नमस्कार. शेटजींनी सगळ्या सभासदांच्या घरी जिलबी पाठवली. आपल्या घरी आली ती तू देवापुढे ठेवलीस, मग एक वळं तोडून सावकाश खाल्लंस आणि म्हणालीस, शेटजींना सांग, गोड होती. तुला वाटलं ती तुला आली आहे. आई तुला म्हणाली की एवढी चाल सांगितली, पण वर कोणी तुझं नाव काढलं नाही. (हो, आईला तू सांगितलं होतंस, आणि आईने ते पोटात ठेवलं.) तू उत्तर दिलंस, ‘आयकं ना, तेच पुष्कय.’

आणि मी? हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. त्या दोन दिवसांत, चिठ्ठी गेल्यापासून उत्तर येईपर्यंत, मला भीती वाटत होती. उत्तर आल्यावर, मात दिसायला लागल्यावर, आठ दिवस मला वाटत होतं की ही चाल माझी आहे. लिहिली मी, धाडली मी. अंथरुणात पडून मी ते वाक्य मनात म्हणायचे आणि मला फार छान वाटायचं.

मी पुढे शिकायला नंदुरबारला निघाले तेव्हा तू आजारी होतीस. तू अंगुस्तान माझ्या मुठीत घातलंस. म्हणालीस, ‘हाऊ राजा तुले.’ मी विचारलं, मग तू शिवशील कशी? तू म्हणालीस, आता शिवायचं काही राहिलेलं नाही, आणि लगेच, जणू मी रडेन म्हणून घाईने, ‘त्यानी उडी बाकी शे, ध्यानमा ठेव.’ मी ते ध्यानात ठेवलं, पण शाळेच्या वसतिगृहात त्याचा उपयोग गादी शिवायला केला. आता मी इथे नंदुरबारलाच मुलींच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या दोघी बुद्धिबळ खेळतात. देशी आणि विलायती, दोन्ही कायद्यांनी.

आता होळीचं सांगते, कारण ते ऐकून तू हसशील. मी घरी गेले होते. ओट्यावर दादा आणि शेटजी, मधे ती सागाची फळी. दादांनी डेपोतून रीतसर पावती करून घेतलेला तुकडा, रंगाऱ्याने पिवळ्या अक्षरांत चाल लिहिलेली, खाली जागा सोडलेली. दोघेही साठी ओलांडलेले, आणि दोघेही तांबडे झालेले. दादा म्हणत होते की नाव शेटजींचंच लागणार. शेटजी म्हणत होते की लागेल तर कारकूनसाहेबांचं, नाहीतर फळी माळ्यावर टाका.

‘कारकूनसाहेब, मी धान्याचा माणूस,’ शेटजी म्हणाले. ‘माझ्या बापाने कोणाला मूठभर तूर फुकट दिली नाही. हातात आलेला घोडा सोडून देणारी चाल माझ्या घराण्यात होणं शक्य नाही.’

‘शेटजी, मी सरकारी नोकर,’ दादा म्हणाले. ‘वरून लेखी आल्याशिवाय मी आयुष्यात एक घर पुढे सरकलो नाही. ते प्यादं तुमचंच.’

‘मग मी बारा वर्षं तुमचं कौतुक केलं ते काय?’

‘मी तुमचं केलं ते काय, मग?’

मी आतून ऐकत होते आणि आईने माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. मग चहाचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाली, जा, बाहेर दे. मी बाहेर गेले, चहा दिला आणि आत आले.  आईने साखरेचा डबा जरा जोरात बंद केला.

दुपारी क्लबात कोणी नसताना मी जिन्यावर जाऊन आले. वर मी सवयीने सात पायऱ्या लिहिलं आहे. ते चूक आहे. जिना दहा पायऱ्यांचा आहे आणि ज्या पायरीवरून माडीतली डोकी दिसायला लागतात ती सहावी. मी अकरा वर्षांची होते, म्हणजे बुटकी, म्हणजे फार तर सातवीवरून दिसली असतील. डोकी दिसताच मी फिरले होते, म्हणजे सहा चढून सातवीवरून फिरले असणार. आठवीपर्यंत पोचले नव्हते. स्वतःला एक पायरी जास्त दिली होती.

मला कशाची भीती वाटते ते सरळ लिहिते. अटीत होतं, ‘सर्व सभासदांच्या विचाराने’. ती चाल एकाही सभासदाच्या विचाराने झालेली नाही. खापरवाले म्हणतील की डाव रद्द, आणि बारा आखाज्या आमचे आंबे खाल्लेत त्याचं काय. आणि दादा. बारा वर्षं ते ज्या गोष्टीसाठी शेटजींना मान देत आले ती शेटजींनी केलीच नव्हती, आणि शेटजींनी दादांना दिला तोही तसाच. दोघांच्या मैत्रीत ते प्यादं कुठेतरी खांबासारखं उभं आहे. मी ते काढलं तर काय होईल याचा मी इतका विचार केला की गेल्या पंधरवड्यात मुलींच्या वह्या दोनदा तपासल्या, एकदा विसरून. पण मी बोलले नाही तर फळीवर दोघांपैकी एकाचं नाव लागेल, आणि तू जे ऐकून हसलीस, ‘त्यासनी आयकं’, ते कायमचं खोटं राहील. आता ते खरं करता येईल. उशिरा का होईना, वर जाऊन विचारता येईल, आणि त्यांना ऐकता येईल. ते ऐकतील की नाही मला माहीत नाही. तुझ्या वेळीही मला माहीत नव्हतं, मी त्यांना संधीच दिली नाही. हे मला आत्ता लिहिताना सुचलं. ती नऊ माणसं ऐकणार नाहीत हे मी ठरवलं होतं, त्यांनी नाही. दादा ऐकले असते. शेटजी तर नक्कीच. डॉक्टरांनी पुस्तक काढलं असतं, पण पुस्तकात ती उडी नव्हतीच.

क्लबात अजून बाईचं नाव कुठेही नाही. रंगारी विचारेल, काय लिहू? गल्लीत सगळे तुला फुईच म्हणायचे, शेटजींच्या सुनासुद्धा. तुझं नाव त्या घरात वर्षातून एकदाच घेतलं जातं, आखाजीला, दादा पितरांसाठी पाण्याची घागर भरतात तेव्हा. आजोबा, आजी आणि मग तू. दादा तुझ्या नावाशी जरा थांबतात. तू गेल्यापासून मी ते पाहत आले आहे. तर यंदा घागरीपाशी ते नाव घेतलं जाईल, आणि दुसऱ्या दिवशी मी ते कागदावर, तू गिरवून घेतलेल्या अक्षरात, रंगाऱ्याला देईन. खाली ‘सांगितली’ म्हणून तुझं नाव. ‘लिहिली’ म्हणून माझं नको. ते आठ दिवस मला पुरले.

हे पत्र मी कुठे टाकणार? तू असताना आपल्या दोघींमध्ये पत्राची गरज कधी पडली नाही, आणि आता तुझ्या पत्त्यावर गाडी जात नाही. वहीच्या मागच्या पानांत राहील. पण एक गोष्ट राहिली, आणि ती न लिहिता हे बंद केलं तर तू पुन्हा पट पुसशील. दादांच्या कार्डाला मी उत्तर पाठवलं आहे. त्यात लिहिलं की आखाजीला येते, तब्येत बरी आहे, मुलींच्या परीक्षा झाल्या, आणि चिठ्ठी कोणी सांगितली ते आता आठवत नाही. हो, फुई, तसंच लिहिलं. पेटीत टाकलं आणि पेटीपाशी पाच मिनिटं उभी राहिले, पण पोस्टमन काही पेटी उघडून देत नाही. म्हणजे आता दुरुस्त करायची खोटी तीन झाली. तिन्ही एकदमच करते. आखाजी शुक्रवारी आहे. त्या दिवशी मी काही बोलणार नाही, घागर आहे, सांजोऱ्या आहेत, खापरचे आंबेही यायचेत. अंगुस्तान पिशवीत ठेवलं आहे. क्लब चार वाजता भरतो. दहा पायऱ्या मी चढेन, दारात उभी राहीन, आणि साडेचारची गाडी सुटायच्या आत सांगेन. दुसऱ्या दिवशी, शनिवारी.